सूचीची पत



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून काहींना तो जरा रुक्ष वाटला असेल. सूची म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथाच्या शेवटची बारीक टाइपातली पाने येतात. ती पाने सलग कोणी वाचीत नाही. परंतु ज्याला त्या ग्रंथातून नेमके काही हवे असते, तो प्रथम तीच पाने उघडतो. आणि तेथे दिलेल्या पृष्ठावर ती गोष्ट सापडली नाही, तर त्याचा सूचीवरचाच नव्हे, त्या ग्रंथावरचाही विश्वास उडतो. सूचीचे काम हे असे विश्वासाचे काम आहे. आज मला महाजालावरील, म्हणजे इंटरनेटवरील, संकेतस्थळांच्या सूचीविषयी बोलावयाचे आहे. ती चांगली कशी चालवावी, शोधयंत्रे तिच्या शब्दाला वजन केव्हा देतात, आणि ते वजन ती कशाने गमावते, एवढाच माझा विषय.

शोधयंत्र आणि सूची यांतील भेद आधी स्पष्ट केला पाहिजे. गूगलसारखे शोधयंत्र एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने गोळा करते, त्यांतील शब्दांची नोंद ठेवते, आणि आपण काही विचारले की जुळणारी पाने एका विशिष्ट हिशेबाने क्रम लावून पुढे ठेवते. सूचीचे काम निराळे. तेथे माणूस एकेक स्थळ उघडून पाहतो, ते घ्यावे की टाकावे हे ठरवतो, त्याचे वर्णन एकदोन ओळींत लिहितो आणि योग्य त्या विषयाखाली त्याला बसवतो. यंत्र मोजते, सूचीकार निवडतो.

महाजालाच्या बाल्यावस्थेत सूची हाच मुख्य आधार होता. महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनीच १९९१ च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत विषयवार सूचीचा आरंभ केला. पुढे ती ‘व्हर्च्युअल लायब्ररी’ या नावाने वाढली, आणि एकेक विषय एकेका जाणकाराने स्वेच्छेने सांभाळावा अशी तिची रीत पडली. १९९४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या स्थळांची एक यादी केली. तीच पुढे ‘याहू’ झाली. याहूच्या वर्गीकरणाची व्यवस्था १९९५ पासून श्रीनिजा श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या बाईंकडे होती. कोणते स्थळ कोठे बसवावयाचे, हा तेथे एका स्वतंत्र विभागाचा उद्योग होता, यावरून त्या कामाची त्या काळातली प्रतिष्ठा लक्षात येईल.

तिसरी सूची या सर्वांहून मोठी. १९९८ च्या जूनमध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रूएल यांनी काही सोबत्यांसह ती सुरू केली. याहूकडील पगारी संपादक वाढत्या महाजालाला पुरे पडत नाहीत, तेव्हा हे काम स्वयंसेवकांनी वाटून घ्यावे, ही तिच्यामागची कल्पना. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीने ती घेतली, आणि ‘ओपन डिरेक्टरी’ अथवा ‘डीमॉझ’ या नावाने ती जगभर ओळखली जाऊ लागली. तिची सामग्री कोणीही विनामूल्य घेऊन वापरावी, अशी परवानगी होती. २०१७ साली ती बंद झाली तेव्हा तिच्यात ९० भाषांतील मिळून ३८ लाखांहून अधिक स्थळे होती, आणि तिच्या हयातीत ९० हजारांहून अधिक माणसे संपादक म्हणून नोंदली गेली होती. मराठीचीही तीत एक लहानशी शाखा होती.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. शोधयंत्रांना या सूच्यांची मातब्बरी का वाटावी? ज्याला स्वतः सगळे मोजता येते, त्याने दुसऱ्याची यादी कशाला पाहावी?

याचे उत्तर १९९८ साली सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी मांडलेल्या ‘पेजरँक’ या पद्धतीत आहे. तिचे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. समजा, एखादा मुलगा नोकरीसाठी दोन शिफारसपत्रे घेऊन आला. एक पत्र अशा मुख्याध्यापकांचे, जे वर्षातून दोघातिघांनाच पत्र देतात. दुसरे अशा गृहस्थांचे, जे दारी येईल त्याला देतात. नोकरी देणारा माणूस दोन्ही पत्रांवरील सह्या पाहतो, आणि मजकूर एकच असला तरी पहिल्यालाच किंमत देतो. पेजरँकने हेच गणितात बसवले. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला, की ती एक शिफारस. परंतु सर्व शिफारशी सारख्या नव्हेत. ज्या पानाला स्वतःला पुष्कळांची मान्यता आहे त्याच्या शिफारशीला वजन अधिक, आणि एका पानाने जितक्यांची शिफारस करावी तितके ते वजन वाटले जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार.

अशा हिशेबात याहूचा किंवा डीमॉझचा दुवा मोलाचा ठरला यात नवल नाही. तेथे कोणीतरी माणसाने पाहून, पारखून, हो म्हटलेले असे. गूगलने तर २००० सालापासून डीमॉझची सामग्री घेऊन स्वतःची सूचीच चालवली. याहून बोलकी गोष्ट सांगतो. शोधाच्या निकालात प्रत्येक स्थळाच्या नावाखाली जी एकदोन ओळींची माहिती दिसते, तेथे गूगल पुष्कळदा डीमॉझच्या संपादकाने लिहिलेले वर्णन छापीत असे. स्थळाच्या मालकाने स्वतःविषयी काय म्हटले आहे यापेक्षा एका बिनपगारी, त्रयस्थ माणसाने काय म्हटले आहे, ते यंत्राला अधिक भरवशाचे वाटत होते. सूचीची पत म्हणतात ती ही.

परंतु पत म्हटली की ती विकावयास निघणाराही आलाच. सूचीतला दुवा शोधयंत्राच्या लेखी मोलाचा आहे हे कळताच वाचकांसाठी नव्हे, तर केवळ दुवे विकण्यासाठी सूच्या निघू लागल्या. २००० नंतरच्या दशकात त्यांचे अक्षरशः पीक आले. त्यांची लक्षणे सांगितली तर आजही आपणास त्या ओळखता येतील. जगातला प्रत्येक विषय तेथे असतो, आणि निम्म्या विषयांखाली एकही नोंद नसते. पैसे भरले की नोंद होते. नकार कोणालाच मिळत नाही. वर्णन जाहिरातदाराच्याच शब्दांत असते, आणि तेच वर्णन आणखी शंभर सूच्यांत जसेच्या तसे आढळते. काही ठिकाणी तर ‘तुम्ही आमच्याकडे दुवा द्या, मग आम्ही तुमचा घेऊ’ असा उघड सौदा असतो. अशा सूचीला वाचक नसतो. ज्यांची नावे तीत आहेत तेच तेवढे अधूनमधून आपले नाव पाहावयास येतात.

शोधयंत्राच्या चालकांना हे उमगावयास वेळ लागला नाही. आपले स्थळ सूच्यांकडे नोंदवा असा जो सल्ला गूगल पूर्वी देत असे, तो त्यांनी २००८ साली काढून टाकला. २०१२ च्या एप्रिलमध्ये ‘पेंग्विन’ या नावाची सुधारणा लागू झाली, तेव्हा बनावट दुव्यांवर वर चढलेली असंख्य स्थळे एकाएकी खाली गेली. हलक्या सूच्यांतून घेतलेले दुवे हा फसवणुकीचाच एक प्रकार होय, असे गूगलच्या नियमांतही स्पष्ट नमूद झाले. ज्यांनी दुव्यासाठी पैसे मोजले होते त्यांच्यावर ते दुवे काढून घ्या म्हणून त्याच सूच्यांच्या विनवण्या करण्याची पाळी आली.

येथे कोणी म्हणेल, की वाईट सूच्या बुडाल्या हे ठीक झाले. पण चांगल्याही बुडाल्याच ना? प्रश्न रास्त आहे. गूगलची सूची २०११ साली बंद झाली, याहूची २०१४ च्या अखेरीस, आणि डीमॉझ १७ मार्च २०१७ रोजी. डीमॉझच्या काही संपादकांनी तिच्याच सामग्रीवर पुढे ‘कर्ली’ या नावाने काम चालू केले; परंतु शोधयंत्राने तिच्या ओळी छापाव्यात, हे दिवस मागे पडले. या चांगल्या सूच्या लबाडीने बुडाल्या नाहीत. त्या कामाच्या ओझ्याखाली वाकल्या. हा हिशेब प्रत्येक सूचीकाराने आरंभीच मांडावा असा आहे.

एक स्थळ नीट पाहून, वर्णन लिहून, योग्य जागी बसवण्यास २० मिनिटे लागतात असे धरा. १,००० स्थळांची सूची करावयास ३३३ तास लागले. येथवर उत्साही माणूस पोचतो. परंतु स्थळे स्थिर राहत नाहीत. अमेरिकेतील प्यू संशोधनकेंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडेनाशी झाली होती. म्हणून प्रत्येक नोंद वर्षातून दोनदा तरी तपासली पाहिजे. दर खेपेस पाच मिनिटे धरली तरी १,००० नोंदींना वर्षाकाठी सुमारे १६७ तास लागतात, आणि ते दरवर्षी लागतात. हेच माप डीमॉझच्या ३८ लाख नोंदींना लावले तर वर्षाला सहा लाख तेहतीस हजार तास होतात. दर आठवड्यास दोन तास देणारे सहा हजारांवर संपादक अखंड राबले, तर केवळ जुने शाबूत राहील. नवीन एकही नोंद होणार नाही. मेलेले दुवे हुडकण्यासाठी त्यांच्याकडे ‘रोबोझिला’ नावाचे यंत्र होते. परंतु पत्ता जिवंत आहे आणि घरात भाडेकरू मात्र बदलला आहे, हे यंत्राला नेहमीच कळते असे नाही. त्यातच २००६ च्या ऑक्टोबरात मुख्य संगणक कोसळला, आणि डिसेंबरापर्यंत संपादकांचे काम बंद राहिले. नोंदीसाठी अर्ज करून महिनोन्महिने उत्तर न मिळाल्याच्या तक्रारी तर सर्वत्र ऐकू येत.

यावरून सूचीकाराने पहिला नियम काढावा तो मर्यादेचा. सर्व विश्वाची सूची करू नये. जेवढे आपल्याला वर्षातून दोनदा पुन्हा पाहता येईल तेवढ्याचीच करावी. महाराष्ट्रातील किल्ल्यांवरील स्थळे, ऊस आणि द्राक्ष यांच्या शेतीची माहिती देणारी स्थळे, एखाद्या जिल्ह्याच्या इतिहासाची साधने, असा विषय निवडावा, आणि त्यात काय घेणार, काय घेणार नाही, हे पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

दुसरा नियम प्रत्यक्ष पाहण्याचा. याबाबतीत मराठीत आपणास परका आदर्श शोधावा लागत नाही. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली. तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ या काळातील आणि १९६१ साली निघालेल्या दुसऱ्या खंडात १९३८ ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांची नोंद आहे. ग्रंथालयाग्रंथालयांतून हिंडून एका माणसाने चालवलेले हे काम आजही अभ्यासकाच्या हाताशी असते, ते त्यातील नोंदीवर विसंबता येते म्हणून. जालसूचीतही प्रत्येक नोंदीखाली ‘अमुक तारखेस पाहिले’ असे लिहावे. एवढ्या एका तारखेने वाचकाला कळते की येथे कोणीतरी जागे आहे.

तिसरा नियम वर्णनाचा. नाव स्थळाचे स्वतःचे असावे. वर्णन सूचीकाराचे असावे. ‘सर्वोत्कृष्ट’, ‘अग्रगण्य’, ‘एकमेव’ ही विशेषणे दाराबाहेर ठेवावी. डीमॉझच्या संपादकांना हीच शिस्त होती. ‘हळदीच्या बाजारभावांची अधिकृत आणि अत्यंत विश्वसनीय माहिती’ असे लिहिण्यापेक्षा ‘सांगलीच्या बाजारातील हळदीचे रोजचे भाव; मागील नोंदीही पाहता येतात’ असे लिहिले, तर शेतकऱ्याला उपयोग होतो. शोधयंत्रालाही अशा ओळीत इतरत्र न मिळणारे काही मिळते. मालकाचे शब्द त्याने मालकाच्या पानावर वाचलेलेच असतात.

चौथा नियम जागेचा. हेच हळदीचे स्थळ शेतीखाली घालावे, व्यापाराखाली, की सांगली जिल्ह्याखाली? उत्तर असे की मूळ नोंद एकाच जागी करावी आणि इतर दोन ठिकाणांहून तिकडे बोट दाखवावे; याहूने असेच केले होते. तीन ठिकाणी तीन नोंदी केल्या, तर दुरुस्तीच्या वेळी एक सुधारते आणि दोन राहून जातात. वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य होय, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पंचसूत्रांत सांगितले. वर्गीकरणाचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. ज्या विषयाखाली दोनच नोंदी आहेत त्याचे स्वतंत्र पान करून वाचकाला उगाच एक जिना चढावयास लावू नये.

पाचवा नियम नकाराचा, आणि हा सर्वांत अवघड. सूचीकाराचा मेहुणा दुकान काढतो, मित्र शिकवणी काढतो. ‘एवढी एक ओळ घाल ना’ म्हणतात, आणि ओळ फुकट असते. परंतु ही ओळ गेली की तिच्यामागोमाग पाचपंचवीस येतात. ज्या स्थळाशी आपला संबंध आहे ते जाहीर करावे, असा डीमॉझमध्ये दंडक होता. आपण तो आणखी कडक करून अशा नोंदीचा निर्णय दुसऱ्याकडे सोपवावा. नाकारलेल्याला कारण कळवावे. आणि जुनी नोंद निकामी झाली की ती काढून टाकण्यात हयगय करू नये. काढण्याचे अधिकार वापरले जातात तेथेच घेण्याच्या अधिकाराला अर्थ असतो.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. याहू व्यापारी स्थळांकडून वर्षाला २९९ डॉलर घेत असे. ती फी तपासणीची होती, नोंदीची हमी तीत नव्हती. हा भेद कागदावर योग्यच होता. परंतु जेथे दरवर्षी फी यावयाची, तेथे जुनी नोंद काढून टाकताना हात आखडण्याचा मोह असतोच. म्हणून माझे मत असे की सूचीचा खर्च सूचीने भागवू नये. ती अशा संस्थेने चालवावी जिचे पोट दुसऱ्या कामावर भरते: वाचनालय, महाविद्यालयाचा एखादा विभाग, व्यावसायिकांचा संघ. जाहिरात घ्यावयाचीच झाली तर ती निवडीच्या रकान्यात मिसळू नये, वेगळी आणि उघड दिसावी. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यावर यंत्राला कळेल अशी खूण घालण्याची सोय आहे: २००५ पासून ‘नोफॉलो’ आणि २०१९ पासून ‘स्पॉन्सर्ड’. ती खूण घातल्याने सूचीचे काहीच जात नाही, आणि तिच्या न विकलेल्या शब्दाची पत तेवढी राहते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घरचा. आज यंत्रे स्वतःच उत्तरे लिहून देतात. मग सूची हवी कशाला, असे विचारले जाते. मराठीपुरते उत्तर द्यावयाचे तर ते असे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुष्कळ मराठी मजकूर अशा फाँटांत टाइप होत असे, की वाचकाला डोळ्यांनी मराठी दिसे, परंतु यंत्राला आत रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता मिळे. जी पाने अजून तशीच आहेत, किंवा ज्या जुन्या पुस्तकांची नुसती छायाचित्रे चढवलेली आहेत, ती मराठीत शोधणाऱ्याला यंत्राकडून सहसा मिळत नाहीत. दुसरीकडे यंत्राने घाऊक प्रमाणात लिहिलेली पोकळ पाने इतकी झाली आहेत, की २०२४ च्या मार्चमध्ये गूगलला त्यांविरुद्ध स्वतंत्र नियम करावा लागला. खरे दिसत नाही आणि दिसते ते खरे असेल असे नाही, अशा वेळी ज्याने स्वतः पाहिले आहे अशा माणसाची साक्ष लागते. जे यंत्र उत्तर लिहिते त्यालाही ते कोठून तरी घ्यावेच लागते.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. आपल्या वाचनालयाने एक विषय घ्यावा, समजा आपल्याच तालुक्याचा. नद्या, देवळे, पिके, शाळा, जुनी वृत्तपत्रे, येथून गेलेल्या माणसांचे लेखन, यांविषयी महाजालावर मराठीत जे काही चांगले आहे, त्याची दोनशे नोंदींची सूची करावी. दोनशे नोंदींच्या दोन तपासण्यांना वर्षाला ३४ तासही लागत नाहीत. सहा जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा तासांहून कमी येतात. ही सूची करताना शोधयंत्राला काय आवडेल याचा विचारही करू नये. आपल्या गावातल्या शाळकरी मुलाला आणि गाव सोडून परदेशी राहिलेल्या माणसाला ती उपयोगी पडेल, एवढे पाहावे. तिला वाचक मिळाले की तिच्याकडे दुवे आपोआप येतील, आणि दुवे आले की यंत्र तिची दखल घेईल. हा क्रम उलटा करू पाहणाऱ्यांचे काय झाले, ते आपण आताच पाहिले.